देवीची नथ आणि आमचं शास्त्र

गुन्हेगारीशास्त्र शिकवणाऱ्या बाईला लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, 'तुम्हाला भीती नाही वाटत?' आणि दुसरा, 'आमच्या सोसायटीतल्या सायकली कोण नेतं, जरा सांगता का?' उभा जन्म कोल्हापुरात हा विषय शिकवला, पण एकाही सायकलीचा पत्ता मला लागलेला नाही. शास्त्र चोर पकडायला नसतं, चोरी समजून घ्यायला असतं, असं मी सांगते. ऐकणारा 'अस्सं' म्हणतो आणि चहा संपवतो. त्यामुळे निवृत्तीनंतर नाशिकच्या एका महाविद्यालयाकडून 'गुन्हेगारीशास्त्र हे शास्त्र आहे काय?' या चर्चासत्राचं बोलावणं आलं, तेव्हा मला फार बरं वाटलं. तिथून पुढे बागलाणात एका जुन्या विद्यार्थिनीच्या सासरी काही दिवस राहून आले. परतल्यावर जो भेटेल त्याला तेच सांगून दमले, म्हणून आता लिहून काढते आहे. गावाचं नाव मात्र लिहिणार नाही, आणि माणसांची नावं बदलली आहेत. त्याचं कारण वाचताना कळेलच.

नाशिक

नाशिकात पहिला वाद मिसळीवरून झाला. मला घ्यायला आलेले तरुण प्राध्यापक मोठ्या अभिमानाने शहराबाहेरच्या एका मळ्यात घेऊन गेले. आमच्याकडे मिसळ म्हणजे अरुंद बाकावर बसून, घाम पुसत, शेजाऱ्याच्या कोपरापासून ताट वाचवत खायची गोष्ट. इथे लोक झाडाखाली झोपाळ्यावर बसले होते, पोरं सशाला गाजर भरवत होती आणि मिसळीबरोबर तळलेला पापड, दही आणि वर जिलबी आली. ब्रेडच्या स्लाइसऐवजी पाव. मी म्हटलं, ही मिसळ आहे की लग्नाची पंगत? प्राध्यापक म्हणाले, मॅडम, आधी रस्सा तर घ्या. काळ्या मसाल्याचा तो रस्सा मी दोनदा मागून घेतला, आणि त्यांनी सभ्यपणाने मला त्यावर काही विचारलं नाही.

चर्चासत्रात मी वाचलेल्या निबंधाचा सारांश देते. घाबरू नका, लहान आहे. माणूस गुन्हा का करतो, याचं सगळ्यात जुनं उत्तर होतं की त्याच्या अंगात सैतान शिरतो. मग युरोपातले शहाणे म्हणाले की सैतान वगैरे काही नाही, माणूस हिशेबी असतो. फायदा जास्त आणि शिक्षा कमी दिसली की तो घसरतो, म्हणून शिक्षा मापात आणि हमखास असावी. हे उत्तर इतकं नीटनेटकं होतं की लोकांना त्याचा कंटाळा आला. पुढे एका इटालियन डॉक्टरने कैद्यांच्या कवट्या, कान आणि जबडे मोजले आणि जाहीर केलं की गुन्हेगार जन्मालाच तसा येतो. मोजपट्टी हातात आली त्या दिवशी आमचा विषय शास्त्र झाला, असं आम्ही पुस्तकात लिहितो. पुढे कोणीतरी तुरुंगाबाहेरच्या सभ्य माणसांचीही मापं घेतली आणि ती बरीचशी तशीच निघाली, हे आम्ही त्याच्या पुढच्या प्रकरणात लिहितो. त्यानंतर गरिबी आली, शहर आलं, वाईट संगत आली. शेवटी काही मंडळी म्हणाली की गुन्हा असा जगात कुठे पडलेला नसतोच, आपण ज्याच्यावर तो शिक्का मारतो तो गुन्हा.

आपल्याकडे इंग्रजांनी मोजपट्टीचाही त्रास घेतला नाही. त्यांनी कायदा करून अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवून टाकल्या. मूल जन्मलं की गुन्हेगार, चालायला लागलं की चौकीवर हजेरी. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी तो कायदा गेला आणि ती सगळी माणसं एका दिवसात निर्दोष झाली, त्यांच्यापैकी कोणीही आपलं वागणं तसूभर बदललेलं नसताना. दगड खाली पडतो हा नियम संसदेत हात वर करून रद्द करता येत नाही. मग ज्या विद्येचा विषयच ठरावाने जन्मतो आणि ठरावाने मरतो, तिला शास्त्र म्हणायचं का? माझा प्रश्न एवढाच होता. उत्तर माझ्याकडे नव्हतं, पण निबंध प्रश्नावर संपवला की टाळ्या जास्त पडतात, हे मला अनुभवाने माहीत आहे.

टाळ्या घेऊन बाहेर आले तर माझ्या चपला नाहीत. सभागृहात नवा गालिचा घातलेला, म्हणून सगळ्यांनी पादत्राणं बाहेर काढली होती. माझ्या चांगल्या, घरून खास घालून आलेल्या कोल्हापुरी चपला गेल्या. पाहता पाहता माझ्याभोवती महाराष्ट्रातले निवडक गुन्हेगारीतज्ज्ञ जमले. एक म्हणाले, दाराशी राखण नव्हती, म्हणजे संधी होती आणि संधी हेच कारण. दुसरे म्हणाले, कारण शहराच्या वाढीत शोधायला हवं. तिसरे हळूच म्हणाले की मॅडम, आपण याला चोरी म्हणतोय म्हणून ती चोरी आहे. त्यांच्या पायात त्यांच्या चपला होत्या. अर्ध्या तासाने दुपारच्या सत्राच्या अध्यक्षबाई जेवून परतल्या त्या माझ्या चपला घालून. सकाळीच त्यांनी 'हेतू' या विषयावर सुंदर भाषण केलं होतं. त्या म्हणाल्या, अगदी माझ्यासारख्याच आहेत हो, आणि आम्ही दोघी मनापासून हसलो. एवढ्या तज्ज्ञांत जेवायला गेलेल्यांकडे एकदा बघून यावं असं कोणालाही सुचलं नव्हतं, मलाही नाही.

सटाण्याचा रस्ता

दुसऱ्या दिवशी वैशाली गाडी घेऊन आली. ही माझी जुनी विद्यार्थिनी. कोल्हापुरात माझ्याकडे शिकली, आता सटाण्याच्या कोर्टात वकिली करते. तिचं सासर नामपूरच्या अलीकडे, मोसम नदीच्या काठच्या गावात. खापरावरचे मांडे खायला या, असं ती कित्येक वर्षं म्हणत होती आणि आंब्याचे दिवस असल्यामुळे मलाही नकार देण्याचं कारण नव्हतं.

देवळा गाव सोडलं की कांदाच कांदा. रस्त्याच्या कडेला बांबूच्या लांबच लांब चाळी, त्यांच्या फटींतून दिसणारा गुलाबी माल, आणि मार्केटकडे निघालेल्या ट्रॅक्टरच्या रांगा. उसाच्या मुलखातून आलेल्या मला गंमत वाटत होती. आमच्याकडे ऊस एकदा कारखान्यात गेला की माणूस मोकळा. इथे कांदा घरात साठवून ठेवायचा, रोज उठून त्याचा वास घ्यायचा आणि भाव बघायचा. मी तसं म्हटल्यावर वैशाली म्हणाली, आमच्याकडे नवऱ्यापेक्षा कांद्याची तब्येत जास्त विचारतात.

सटाण्यात चहाला थांबलो तेव्हा तिला फोन आला. बोलता बोलता तिचा चेहरा उतरला. गावच्या देवीची नथ नाहीशी झाली होती. सकाळी पूजा करायला गेलेल्यांना देवीचं नाक मोकळं दिसलं. सोन्याची, टपोऱ्या मोत्यांची, पिढ्यान्‌पिढ्यांची नथ. वैशालीचे सासरे केदा नाना हे गावचे पोलीस पाटील, म्हणून सगळा गाव त्यांच्याच ओट्यावर गोळा झाला होता. मी म्हटलं, मग मी परत जाऊ का? वैशाली म्हणाली, आता कसलं जाता, फोनवर मागून ओरडतायत की चोर पकडणाऱ्या बाई कधी पोचतायत.

गाव

नाना उंच, कमी बोलणारे. त्यांनी ओट्यावरची मंडळी आपापल्या घरी पाठवली आणि मला हातपाय धुवायला पाणी दिलं. त्यांची बायको, माई, बोलण्याची सगळी कसर भरून काढणारी. कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, भरीत आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा वाढता वाढता माईंनी मला खटला समजावून सांगितला. तिथली बोली मला अर्धी कळत होती आणि अर्धी वैशाली सांगत होती.

संशय भिकनवर होता. भिकन रात्री गावच्या कांद्याच्या चाळी राखतो, आणि त्याची बायको सुंदरा देवळाचं अंगण झाडते. त्यांच्या पूर्वजांच्या जमातीवर त्या जुन्या कायद्याचा शिक्का होता. जमातीचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण ते लिहिलं की वाचणाराही माईंसारखाच मान डोलावतो. माई म्हणाल्या, "त्यास्ना रंगतमाच शे." म्हणजे त्यांच्या रक्तातच आहे. मी काल ज्याची थट्टा करून टाळ्या घेतल्या होत्या, ते इटालियन डॉक्टरांचं मत माझ्या ताटाशेजारी बसून मला भाकरीचा आग्रह करत होतं.

नानांचं मत वेगळं. देवळाला कडी आहे, कुलूप नाही. ज्याला गरज लागली त्याने हात घातला, आणि ती गरज कोणालाही लागू शकते. वैशाली म्हणाली, भिकनकाकांनी आजवर एक कांदा उचललेला नाही, पण आपण पिढ्यान्‌पिढ्या त्यांना चोर म्हणतोय म्हणून आज बोट तिकडे वळलं. एका भरिताभोवती आमच्या विषयाचा सगळा इतिहास जेवायला बसला होता. मला हसू येत होतं, पण ते फार वेळ टिकलं नाही, कारण वैशालीने पुढची गोष्ट सांगितली.

भिकनची मुलगी मनीषा पोलीस भरतीत निवडली गेली होती. गावातली पहिलीच मुलगी. चारित्र्य पडताळणीचा शिपाई एक-दोन दिवसांत यायचा होता आणि पोलीस पाटलांना विचारणार होता. सुकदेव नावाचा एक मोठा कांदेवाला आणि त्याच्याबरोबरची चार माणसं अडून बसली होती की नानांनी भिकनचं नाव घालून तक्रार द्यावी. बापाच्या चुकीने पोरीची नोकरी कायद्याने जात नाही, हे मी आणि वैशाली दोघीही सांगू शकत होतो. पण चौकशी लांबली, नेमणूक अडकली, कोर्टकचेरीत वर्षं गेली, की वय निघून जातं. तक्रार न दिली तर गाव म्हणणार की पाटलाने देवीचा चोर लपवला. नानांनी हात धुतले आणि माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, तुमचं शास्त्र काय म्हणतं? कोनी नेली असंल?"

मी खरं ते सांगितलं. आमचं शास्त्र हजार चोऱ्यांबद्दल बरंच काही सांगू शकतं, एका चोरीबद्दल काहीच नाही. नानांनी मान हलवली. त्यांना माझं उत्तर पटलं की त्यांनी माझा नाद सोडला, ते कळलं नाही. मग ते म्हणाले, उद्या गोळा टाकू.

गोळा

गोळा ही त्या गावची जुनी रीत. गावात मोलाची वस्तू गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी घरटी सगळी मोठी माणसं नदीकाठच्या चिकणमातीचा एकेक गोळा करून देवळाशी येतात. गाभाऱ्याची खिडकी बंद करून आत एक मोठं घमेलं ठेवतात. एकेकाने आत जायचं, आपला गोळा घमेल्यात टाकायचा आणि बाहेर यायचं. ज्याने वस्तू नेली त्याने ती गोळ्यात दडवून टाकावी. मग घमेलं बाहेर पारावर आणून गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईने सगळ्यांसमोर गोळे फोडायचे. वस्तू मिळाली की विषय संपला. कोणाच्या गोळ्यात होती, का नेली होती, कोणी विचारायचं नाही, तर्कही करायचा नाही. जो तोंड उघडेल त्याने अख्ख्या गावाला जेवण घालायचं. वस्तू मिळाली नाही तर मात्र पोलीस.

मी हे ऐकून नानांना विचारलं की मग चोर कोण ते कळणार कसं? ते म्हणाले, चोर घेऊन काय करायचं, नथ पाहिजे. शतकानुशतकं युरोपात आणि इथे जो प्रश्न सोडवण्यात आम्ही डोकी झिजवली, तो प्रश्न या गावाने सरळ टाकूनच दिला होता. आपला धंदाच कोणीतरी बंद केल्यासारखं मला वाटलं. मी पाहुणीसारखं हसून म्हटलं, छान, मी पाराच्या कोपऱ्यात बसून बघते. नाना म्हणाले, बसता येणार नाही. रात्री जो गावात झोपला त्याने गोळा टाकायचा. नुसता बघणारा कोणी नको.

तर अशी मी, संशयितांवर पुस्तकी अधिकाराने बोलणारी बाई, ओंजळभर चिखल पदराखाली धरून संशयितांच्या रांगेत उभी राहिले. आमच्याकडे असं काही झालं असतं तर निम्मी माणसं 'मला ओळखत नाही का' म्हणून भांडली असती. इथे सरपंच होते, शाळेचे मुख्याध्यापक होते, सुकदेव त्याच्या कडक इस्त्रीच्या सदऱ्यात चिखल सांभाळत उभा होता. माईंनी जरीकाठाचं लुगडं नेसलं होतं आणि नाकात आपली टपोऱ्या मोत्यांची नथ घातली होती, देवळात जायचं म्हणून. माझ्या पुढे एक उंच मुलगी ट्रॅक पँट घालून, ओढणीत गोळा धरून उभी होती. ती मनीषा. थोड्या वेळाने ती मागे वळली.

"मॅडम, तुमच्या विषयात आमच्या लोकांचं प्रकरण असतंय म्हणे."

"आहे. इतिहासात."

"इतिहासात आहे ते बरंय," ती म्हणाली आणि पुन्हा पुढे बघायला लागली. मी हातातला गोळा पुन्हा वळत राहिले. वर्गात त्या प्रकरणावर मी नेहमी चांगलं बोलत असे.

गाभाऱ्यात गार होतं आणि तेलाचा वास होता. मिणमिणत्या दिव्यात देवीचं नथीवाचूनचं तोंड फार घरगुती वाटत होतं, सकाळी कामाला लागलेल्या बाईसारखं. घमेल्यात गोळ्यांचा ढीग झालेला. खोटं कशाला सांगू, वरचे दोन-चार गोळे चाचपून बघावेत असं मला फार वाटलं. बोटं खरोखर पुढे गेली होती. पण देवीकडे बघितलं, माझा गोळा टाकला आणि बाहेर आले. अभ्यासकाला एवढी चांगली संधी पुन्हा मिळणार नाही, याची हळहळ अजून आहे.

फोडायला जिजाबाई नावाच्या, वाकलेल्या पण हाताने खंबीर आजी बसल्या. गाव गोल उभा राहिला. भिकन लिंबाखाली खाली मान घालून बसला होता आणि सुंदरा त्याच्यामागे पदर ओढून उभी होती. गोळे फुटायला लागले. माती, माती, एका गोळ्यात गवताची काडी, पुन्हा माती. मग एका गोळ्यातून काहीतरी चमकलं आणि सगळे पुढे झुकले. जिजाबाईंनी ते पाण्यात खळबळून वर धरलं.

नथ होती, पण देवीची नव्हती. पितळी तारेत ओवलेले गुलाबी प्लॅस्टिकचे मणी. जत्रेत मिळते तसली.

लहान गावात नथ ही नावाच्या पाटीसारखी असते. कोणत्या लग्नात कोणाच्या नाकात काय होतं, हे बायकांना पाठ असतं. एकेक मान सुंदराकडे वळली. मला क्षणात सगळं कळलं. त्या बाईने काही नेलं नव्हतं. तिला वाटलं असणार, कोणतीही नथ निघाली की विषय मिटेल, नवरा सुटेल, पोरीची नोकरी राहील. म्हणून होती तेवढी एकुलती नथ तिने चिखलात घातली. ती नथ तिचीच आहे हे सगळ्यांना ओळखू येईल, एवढंच घाईत तिच्या ध्यानात आलं नव्हतं. आता गाव काय समजणार ते उघड होतं: खरी विकली आणि खोटी आणून टाकली. मनीषाने आईकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते, आणि ते माझ्या स्वतःसाठी नव्हतं.

सुकदेवच्या ओठांवर शब्द आलेले दिसत होते. त्याने तोंड उघडलं, मग भोवतालचा गाव बघितला, एवढ्या पंगती डोळ्यांपुढे आल्या असाव्यात, आणि त्याने तोंड मिटलं. पण त्याने न बोलण्याने काही अडणार नव्हतं. बोलणं सगळ्यांच्या डोळ्यांत होतंच.

तेवढ्यात माई पुढे झाल्या. जिजाबाईंच्या हातातून ती नथ घेतली, पदराला पुसली.

"ती मनी शे," त्या म्हणाल्या. माझी आहे.

हे म्हणताना त्यांची स्वतःची मोत्यांची नथ त्यांच्या नाकात हलत होती. सुकदेवला राहवलं नाही, तो म्हणाला, माई, तुनी? माईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मनी. मी बोलनी, आते गावनं जेवन मनाकडे." मी बोलले, आता गावाचं जेवण माझ्याकडे. मग जिजाबाईंना म्हणाल्या, "तू फोड पुढे."

जिजाबाई पुढे फोडायला लागल्या. ढीग संपत आला आणि तळातल्या एका गोळ्यात देवीची नथ निघाली. सोन्याची तार जरा वाकली होती, मोती सगळे जागेवर होते. लोकांनी देवीच्या नावाने हात जोडले. भिकन उठला नाही, त्याचे खांदे हलत होते. मनीषा आईला धरून उभी होती. मला रडू आलं आणि मी ते पुसलं नाही, हात चिखलाचे होते.

नानांनी तिथूनच फोन करून ठाण्यात सांगितलं की गावात कोणाची काही तक्रार नाही. दुपारी पडताळणीचा शिपाई आला, चहा प्यायला, मनीषाबद्दल विचारलं. नाना म्हणाले, पोरगी चांगली आहे, घर चांगलं आहे. सुकदेव शेजारीच बसला होता. त्यानेही मान डोलावली, आणि त्याने ती मनापासून डोलावली की जेवणाच्या भीतीने, हे विचारायची मला चोरी होती.

नथ कोणी नेली होती, हे मला आजही माहीत नाही. सगळे संशयित एका रांगेत माझ्या ओळखीचे, वस्तू समोर, आणि विचारायला बंदी. गाडीत, जेवताना, अंघोळीला जाताना मी तर्क करत होते आणि ते गिळत होते. वैशाली म्हणाली, मॅडम, बोलून टाका, आम्ही वर्गणी काढू.

मांडे

दंड म्हणून दुसऱ्याच दिवशी मांड्यांचं जेवण ठरलं. आमच्या पुरणपोळीला पोळपाट लागतो. इथे पुरण भरलेला सैल गोळा नुसत्या हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत फिरवत फिरवत ताणतात आणि उलट्या खापरावर टाकतात. टॉवेलाएवढा मांडा, रुमालासारखी त्याची घडी. मी एक करून बघितला. तो खापरावर पोचण्याआधी माझ्या कोपरातून चुलीत गेला, आणि बायका इतक्या हसल्या की मला पुन्हा हात लावू दिला नाही. आमरसात बुडवून तीन खाल्ले. आमच्याकडच्या पोळीची बाजू घ्यायचं मी त्या दिवशी सोडून दिलं.

देवळापुढे पंगती बसल्या. भिकनचं घर पहिल्या पंगतीला होतं. मनीषाच्या पानात माई न विचारता दुसरा मांडा टाकून गेल्या. सुंदरा अवघडून बसली होती, नाक मोकळं. तिची नथ तिला परत देता येत नव्हती; दिली असती तर ती तिचीच होती हे कबूल केल्यासारखं झालं असतं. ती नथ माईंच्या नाकात होती. मोत्यांची काढून ठेवून, प्लॅस्टिकचे गुलाबी मणी नाकात घालून, जरीकाठाचं लुगडं नेसलेली पाटलीणबाई सगळ्या गावाला वाढत फिरत होती, आणि तिच्याकडे बघून हसायची कोणाची छाती नव्हती.

पंगती उठल्यावर आम्ही दोघी खापराशी बसलो. चोराबद्दल विचारायला बंदी होती, नथीबद्दल नव्हती, असा मी माझ्यापुरता अर्थ लावला. मी म्हटलं, माई, परवा तुम्हीच सगळ्यांत जास्त बोलत होतात, रक्तातच आहे म्हणून. मग काल ती नथ स्वतःवर का घेतली?

माईंनी नाकातली नथ जरा सारखी केली. तार बोचत असावी, नाक लाल झालं होतं.

"संशय मना व्हता ना बाई," त्या म्हणाल्या. "मंग नथ बी मनीच."